हबीब सरांचा पहिला प्रश्न

हबीब सर एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाचं नाव कधी विचारत नसत. गाव, आडनाव, "कुणाकडं निघालात", काही नाही. पिशवी मांडीवर घेतली, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला, की थेट मुद्दा: "दोघा भावांत एक विहीर असली आन् मोटर जळाली, तर तुमच्याकडं ती दुरुस्त कोण करतं?" माणूस आधी दचकायचा, कारण बहुतेकांच्या घरी नेमकं तेच भांडण चालू असायचं. पण एकदा सुटला की थांबायचा नाही. देगलूरकडचा असला तर मध्येच तेलुगू, उदगीरकडचा असला तर कानडी. अहमदपूर येईस्तोवर मागच्या तीन रांगा त्या मोटरीवरून हमरीतुमरीवर आलेल्या असायच्या, आणि सर खाली मान घालून वहीत लिहीत असायचे.

असे ते आठवड्यातून तीन दिवस नांदेडहून लातूरला यायचे. आमच्या लॉ कॉलेजात त्यांच्याकडं एकच विषय होता: निरनिराळ्या देशांचे कायदे एकमेकांशेजारी ठेवून कसे बघायचे. विषय ऐच्छिक. मी तो का घेतला, हे माझ्या मुलांना मी फार उदात्त करून सांगतो. खरं कारण एवढंच, की त्या विषयाचं मराठीत पुस्तकच मिळत नव्हतं. ज्याला पुस्तक नाही त्याचा पेपर अवघड कसा निघेल, असा माझा बिनतोड तर्क. वर्गात आम्ही अकरा जण. अकराही जणांचा तर्क तोच निघाला.

पहिल्या तासाला त्यांनी विचारलं, "इंग्लंडात तलाठी असतो का?"

मी पुढच्या बाकावर. "नाही, सर!"

"मग तिथं जमीन कुणाची हे कोण सांगतं? वारा?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "नाव विचारलंस तर 'नाही' असं उत्तर येतं, आन् तुलना तिथंच मरते. नाव नको विचारू, नड विचार. जमीन कुणाची, हे कळायची नड हरेक मुलखात हाय. तिथं ती कोण भागवतं ते हुडक. कुठं दप्तर, कुठं वकील, कुठं कोर्ट. आपला तलाठी शोधत लंडनला गेलास तर उपाशी परत येशील, मियाँ."

त्यांची बोली अशीच होती. वर्गात उभे राहिले की दोन वाक्यं छापील मराठीत, तिसऱ्या वाक्याला नांदेडच्या गल्लीत. "दुसऱ्याच्या घरी जाताना आपल्या घराचं दार डोक्यावर घेऊन जाऊ नये. तिथं ते बसत नाही, आन् आपली मान मोडते," हे ते परदेशी कायद्याबद्दल सांगत. "किताब काय म्हणते ते अर्धं, कचेरीत काय होतं ते अर्धं," हे सगळ्याच कायद्यांबद्दल. आणि स्वतःबद्दल: "मी नांदेडचं घर कधी सोडलं नाही, तरी दोन मुलखांत राहिलो." त्यांचे वडील निजामाच्या काळात कोर्टात मुहर्रिर होते, म्हणजे कारकून. "निजामाचं राज गेलं. अब्बा त्याच खुर्चीत, त्याच कपाटाशेजारी. कपाटातला कायदा तेवढा बदलला. फिर्यादी तोच, बांध तोच, भांडण तेच. तवा मला कळलं, कायदा बदलतो, नड बदलत नाही."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचा मालक मी आहे. त्या वर्षांत लातूरला क्लासचं वारं लागलं होतं. बोर्डात आमची पोरं चमकायला लागली होती, आणि ज्याच्या माडीवर दोन खोल्या मोकळ्या त्यानं पाटी लावली होती. मीही सकाळी एका क्लासात शिकवायचो आणि तिथलंच तंत्र कायद्याला लावलं होतं. एक कलम, एक ओळ. पाच-पाच ओळींची कलमं मी भाजीची देठं छाटावीत तशी छाटायचो. त्या वहीच्या झेरॉक्स अख्ख्या कॉलेजात फिरायच्या. एकदा सरांच्या हाती लागली. त्यांनी शांतपणे चाळली आणि म्हणाले, "आमच्या अब्बांच्या कोर्टात जाड फायलीवर एक चिठ्ठी असायची. मुख्तसर. म्हणजे थोडक्यात काय ते. एखादा मुनसफ नुसती चिठ्ठी वाचून फैसला लिहायला लागला, की अब्बा फाईल त्याच्या पुढ्यात सरकवायचे. नोकरी जायची भीती, तरी सरकवायचे." त्या दिवसापासून त्यांनी मला मुख्तसर म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं, कौतुक आहे. मी आईलाही सांगितलं.

मग भूकंप झाला.

उजाडल्यावर आम्ही दहा-बारा पोरं एका टेम्पोत चढून औशाच्या पुढं गेलो. गाव म्हणून काही शिल्लक नव्हतं. दगडामातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात घर गार ठेवणारी ती सगळी माती आता माणसांवर बसली होती. चावडीच्या मागं एका घराच्या दारात दोन दगडी जाती होती. त्यातल्या एकाला ठेचकाळून मी पडलो, म्हणून मला बाईचा आवाज ऐकू आला. उभा असतो तर आला नसता.

माझ्यासोबत दोन माणसं होती, कुठली ते मला आजही माहीत नाही. आम्ही हातांनी माती ओढली. ती बाई कमरेपासून खाली तुळईत अडकली होती. तिच्या डोक्यामागं पाळणा उलटला होता, तिला न दिसणाऱ्या बाजूला. माझा हात आधी पाळण्यात गेला. सात-आठ महिन्यांचं बाळ होतं. थंड. तोवर थंड हा शब्द मी फक्त चहाबद्दल वापरला होता.

"बाळ?" ती म्हणाली.

"झोपलंय, ताई."

"रडत न्हाई?"

"झोपलंय."

तिनं पाणी मागितलं, मी पाजलं. ती दोन माणसं पहार आणायला पळाली. मी तिथं बसून राहिलो. अर्धा तास असेल. ती मध्येमध्ये विचारायची, मी तेच सांगायचो. पहार आली तेव्हा ती गेलेली होती. मी बाजूला जाऊन ओकलो आणि मिळेल त्या टेम्पोनं लातूरला परत आलो. बाकीची पोरं पुढं पंधरा दिवस मदतीला जात होती. मी ताप आलाय असं सांगून अंथरुणात पडून होतो. ताप नव्हता.

चार-पाच महिन्यांनी कॉलेजनं त्याच गावातल्या लोकांना राहायला बांधलेल्या पत्र्याच्या शेडजवळ एक टेबल मांडलं. भूकंपातल्या लोकांना कागदपत्रांचं मार्गदर्शन करायचं, शेवटच्या वर्षाच्या पोरांनी आळीपाळीनं बसायचं. माझी पाळी एका शुक्रवारी आली. चोवीस-पंचवीस वर्षांची एक बाई समोर येऊन बसली. सुमन तिचं नाव.

"दादा, घराचं इच्चारायचं हाय."

तिनं सांगितलं ते असं. बाप वारल्यावर दोघी बहिणींनी वाटणी केली होती: शेत सुमनला, घर थोरल्या गंगाला. सुमनच्या नवऱ्यानं तिला शेत विकायला लावलं आणि मग तिलाच टाकलं. ती गंगाच्या आसऱ्याला परत आली. भूकंपाच्या वेळी ती रेणापूरला मावशीकडं गेली होती. गंगाचा नवरा नागनाथ लातुरात दाळमिलवर रात्रपाळीला होता. घरात फक्त गंगा आणि तिचं तान्हं बाळ. दोघंही गेली. आता सरकार नवी घरं बांधून देणार होतं आणि यादीत एका घरापुढं एकच नाव लागणार होतं.

"दाजी म्हंत्यात, घर लेकराचं झालं आन् लेकराच्या मागं बापाचं. त्येंच्या चुलत्यानं वकिलाकडून कागद करून आणलाय, मी हक्क सोडला म्हणून. सोमवारी निलंग्याला सही करायचीय. करू का?"

"घर कुठलं तुमचं?" मी उगाच विचारलं. लिहायचं म्हणून.

"चावडीच्या मागचं. दारात दोन जाती व्हती."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. पण तोंड? तोंडाला माझ्या वहीची सवय. ते आपोआप सुरू झालं. "कायदा तसाच आहे, ताई. दोघं एकाच संकटात गेले, आधी कोण गेलं ते कळत नाही, तर धाकटा मागं राहिला असं धरायचं. बाळ धाकटं. म्हणजे आईचं घर बाळाला, बाळाचं बापाला. आई जर बाळाच्या नंतर गेली असती, तर घर तिच्या बापाकडून आलेलं म्हणून माहेराकडं वळलं असतं, म्हणजे तुमच्याकडं. पण तसं धरत नाहीत."

"येवढुसं लेकरू. माळवद पडल्यावर आईच्या मागं जगलं म्हणायचं? कोण म्हंतं असं?"

"कायदा."

"कायद्यानं बघितलं व्हतं का?"

मी खाली बघून वहीत काहीतरी खरडलं. ती उठून गेली. मला फार मोकळं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. कायद्यानंच ठरवून टाकलंय म्हटल्यावर मी काय बघितलं, कुणाशी काय बोललो, याला काही किंमतच उरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सरांचा तास. ते आले आणि फळ्यावर एवढंच लिहिलं: एक संकट, दोन मयत. आधी कोण?

मला वाटलं, यांना कळलंय. त्यांना काही कळलं नव्हतं. जिल्ह्यात घरंच्या घरं गेली होती, त्यांची नड त्यांनी वर्गात आणली होती इतकंच.

"इंग्लंड म्हणतं, धाकटा मागं राहिला. आपलं हिंदू वारसाचं कलम तेच म्हणतं. जर्मनी म्हणतं, आम्हाला ठाऊक नाही, दोघं एकदमच गेले. आमची शरीयत म्हणते, कोण आधी ते कळत नाही ना? मग दोघांनी एकमेकांचं काहीच घ्यायचं नाही, ज्याचं त्याच्या जित्या वारसांना. आन् फ्रान्स?" इथं ते थांबले. "फ्रान्सनं वयाचा तक्ताच केलाय. दोघं पंधराच्या आत असले तर थोरला तगला. दोघं साठीच्या पुढं असले तर धाकटा तगला. मधल्या वयात बरोबरीचे असले तर बाईपेक्षा बाप्या तगला."

"सर, तिथल्या बायकांनी हे ऐकून घेतलं?" मागून एका मुलीनं विचारलं. "आमच्या घरी तर बाबा एका दिवसाच्या तापानं झोपतात."

वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "आता हे पाचही शेजारी ठेवा. उत्तरं वेगळी. पण पाचही जण उत्तराच्या आधी एक प्रश्न विचारतात, तो एकच हाय. कोणता?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. "मुख्तसर?"

"धाकटा कोण?"

"तो दुसरा. पहिला?"

सरांनी खडू ठेवला. "कुणी बघितलं का? हा पहिला. हे सगळे तक्ते, सगळे अंदाज, बघणारा कुणी नसला तरच. ज्यानं बघितलं त्यानं तोंड उघडलं, की पाचही मुलखांचे कायदे अदबीनं बाजूला होतात. एकेक कायदा सुटा वाचला तर हे दिसत नाही. तक्ताच दिसतो. शेजारी ठेवले की दिसतं. तुलना करायची ती यासाठी."

तास संपल्यावर मी स्टँडवर गेलो. सर नांदेडच्या गाडीत बसले होते. गाडी हलली तसा मी चढलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"मुख्तसर, तुझं गाव इकडं न्हाई."

चाकूर मागं पडलं. मग मी एकदम सगळं सांगितलं, जातं, पाळणा, पाणी, शुक्रवारचं टेबल. सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. त्यांची वही बंद होती.

"बाळ थंड होतं ते हातानं बघितलंस का अंदाजानं?"

"हातानं."

"आन् ती त्याच्या नंतर बोलली."

"अर्धा तास."

"कलम म्हण."

मी म्हटलं. एका ओळीत.

"पुढं?"

"पुढं काही नाही, सर."

"पुढं हाय. उलट सिद्ध होत नाही तोवर, असं हाय. तेवढंच ओळीत बसेना म्हणून छाटलंस?"

पुढच्या सीटवरच्या माणसानं मागं वळून बघितलं. "सर, मी तिच्याशी खोटं बोललो. शेवटपर्यंत. ते आता सगळ्यांसमोर..."

"मरत्या बाईला दिलासा दिलास, त्याची सजा कुठल्याच मुलखात न्हाई," सर हळू म्हणाले. "पण ते लपवायला कायद्याला पुढं उभा केलास, हे वाईट केलंस. हुशार हायेस, घाईत हायेस, आन् भित्रा हायेस. तिन्ही एकदम नसावं माणसानं. ऊठ."

अहमदपूरला आम्ही दोघंही उतरलो आणि उलट्या गाडीनं लातूरला आलो. घरी निरोप पाठवून सर त्या दिवशी आमच्याच घरी राहिले. आईनं त्यांना विचारलं, "पोरगं हुशार आहे ना वर्गात?" ते म्हणाले, "आठवण चांगली आहे त्याची."

रविवारी शेडवर गेलो तर सुमनच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती रेनापूरला गेली मावशीकडं. उद्या तिकडूनच निलंग्याला जानार हाय." कसला फोन आणि कसलं काय. रेणापूरला मावशी कुठली, आडनाव काय, कुणाला माहीत नाही. सोमवारी सकाळी रजिस्ट्री ऑफिस झाडणाऱ्याच्याही आधी आम्ही पायरीवर होतो. दहा वाजले, अकरा वाजले. दर गाडीला मी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचो. सर म्हणाले, "बस. जाऊन-येऊन ती लवकर येणार न्हाई."

बाराच्या सुमारास मी चहा आणायला गेलो आणि परत येतो तर सर पायरीवर नाहीत. आत धावलो. दुसऱ्या दारानं ते लोक आधीच आत गेले होते. टेबलावर कागद पसरलेला, कारकून बोटानं जागा दाखवतोय, सुमनच्या हातात पेन. तिच्या मागं नागनाथ, तिशीचा, दाढी वाढलेली, आणि त्याचा चुलता. सर टेबलाच्या कडेला उभे होते.

"सुमनताई, सही तुमच्या हातची हाय, करा न्हाईतर नका करू. पण आधी हे पोरगं काय सांगतंय ते ऐका."

मला वाटलं होतं, सर सांगतील, मी मान हलवीन. सर एक अक्षर बोलले नाहीत. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. कारकुनानं मध्ये पंखा बंद केला, तेवढं आठवतं. मी "झोपलंय" या शब्दापर्यंत आलो आणि नागनाथनं माझी कॉलर धरली.

"चार म्हैने कुठं व्हतास रे? आं? चार म्हैने?"

"आरं इकत घेतलाय ह्येला," चुलता ओरडला. "सोड, नाग्या. कोर्टात बघू."

सरांनी मला सोडवलं नाही. नागनाथनंच सोडलं. सुमननं पेनाला टोपण लावलं आणि ते कारकुनापुढं ठेवलं.

कोर्टात बघायचं ते बघितलंच. सरांनी जुना काळा कोट झटकून घातला आणि सुमनचं वकीलपत्र घेतलं. माझी साक्ष झाली. समोरच्या वकिलानं सरळ दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"मयत बाईनं बाळाबद्दल विचारलं तेव्हा आपण काय सांगितलं?"

"झोपलंय म्हणून."

"ते खरं होतं?"

"नाही."

"म्हणजे आपण खोटं बोलता."

"त्या दिवशी बोललो."

"आणि शुक्रवारी या बाईंना सांगितलं की तुमचं काही चालणार नाही. तेही खोटं?"

"ते... अर्धवट होतं."

कोर्टात कुणीतरी हसलं. मी सरांकडं बघितलं. ते आपल्या कागदांत बघत होते. मला त्या वेळी त्यांचा फार राग आला. पुढं मी तालुक्याच्या कोर्टात पाच-सहा वर्षं उभा राहिलो, तेव्हा कळलं की ते मध्ये बोलले असते तर माझी साक्ष तिथंच संपली असती.

निकाल सुमनच्या बाजूनं लागला. बाळ आईच्या आधी गेलं, हे साक्षीवरून दिसतं, म्हणून अंदाजाचं कलम लागू नाही. यादीत सुमनचं नाव लागलं. आज त्या घरात तिचं शिवणयंत्र चालतं.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली नागनाथ एकटाच उभा होता. चुलता तणतणत पुढं निघून गेला होता. मी त्याला चुकवून जाणार होतो. त्यानंच हाक मारली.

"किती येळ व्हती ती जित्ती?"

"अर्धा तास असेल."

"माझं नाव घेतलं का तिनं?"

सर दहा पावलांवर फायलीची नाडी बांधत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. नाडीवरचे हात थांबले. एक शब्द पुरला असता. त्या माणसानं आयुष्यभर तो जपून ठेवला असता.

"नाही," मी म्हणालो. "बाळाला विचारलं आणि पाणी मागितलं."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "न्हाई म्हनलास, म्हनून बाकीचं खरं वाटतं."

परतीच्या गाडीत मी शाबासकीची वाट बघत होतो. औसा आलं तशी सरांनी फाईल पिशवीत घातली. मग म्हणाले, "घर हवं होतं म्हणून नव्हता भांडत तो. लेकरू आईच्या मागं अर्धा घंटा तरी जगलं, असं कागदावर लिहिलेलं पाहिजे होतं त्याला. ते आपण काढून घेतलं. कायद्यानं बरोबर केलं, आन् तरी काढून घेतलं. आता तू त्याच्याकडं जात जा."

"जाऊन काय बोलू, सर?"

"काय बी बोलू नको. जाऊन बस."

मी जात राहिलो. महिन्या-दीड महिन्यानं दाळमिलच्या फाटकापाशी, पाळी सुटायच्या वेळेला. पहिल्या वेळी त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. दुसऱ्या वेळी चहा सांगितला, एकच, स्वतःसाठी. तिसऱ्या वेळी दोन सांगितले. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. पुढं मी वकिली सोडून कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा क्लास काढला, तेव्हा मला मास्तर म्हणायला लागला. क्लासात मी प्रत्येक कलम शेवटच्या शब्दापर्यंत वाचून घेतो. पोरं वैतागतात. शेजारच्या क्लासवाल्याचा अभ्यासक्रम दोन महिन्यांत संपतो, माझा कधीच संपत नाही. घरी मुलगी म्हणते, "बाबा, थोडक्यात सांगा ना." जमत नाही आता.

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाळमिलच्याच बाजूला होतो. नागनाथला सांगितलं, नांदेडला निघालोय. त्यानं अंगावरची डाळीची पूड झटकली आणि म्हणाला, "चल."

"तू कशाला?" माझ्या तोंडून गेलं.

"मला हरवलं त्येनं. पर कोर्टात येक डाव बी माझ्याकडं बोट दाखवून बोलला न्हाई. माझ्या चुलत्यानं दाखवलं, वकिलानं दाखवलं. त्येनं न्हाई."

गाडीत तो खिडकीशी बसला. लोहा गेल्यावर म्हणाला, "त्येंच्यात पुरत्यात ना?"

"हो."

"आमच्यात बी पुरत्यात. लिंगायतात. बसवून पुरत्यात, माती देत्यात." त्यानं खिडकीची काच सरकवली. "गंगाला आन् लेकराला सरकारनं जाळलं. सगळ्यांच्या संगट, एकाच ढिगावर. पाऊस चालू व्हता, रोगराई व्हईल म्हनले. मी लातूरहून पोचलो तवर धूर व्हता नुसता."

इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलत होता.

दुपारच्या नमाजनंतर सरांना कबरस्तानात आणलं. आम्ही दोघं भिंतीशी उभे होतो. माणसं रांगेनं पुढं जात होती, ओंजळीनं माती टाकत होती. सरांचा थोरला मुलगा मला ओळखायचा. त्यानं हातानं खूण केली, या. मी पुढं झालो. नागनाथ एका म्हाताऱ्याला हळू विचारत होता, "आमी दिली तर चालती का?"

"क्यों नहीं चलती, बेटा. द्या. तीन बार."

नागनाथनं चपला काढल्या. खाली बसून त्यानं ओंजळ भरली आणि माती सोडली. एक. दोन. तीन. मागची माणसं थांबली होती. तो उठला नाही. त्यानं आणखी एक ओंजळ भरली, सावकाश सोडली. मग एक लहान, एकाच हातात मावेल एवढी.

म्हाताऱ्यानं पुढं होऊन त्याचा दंड धरला आणि त्याला उठायला मदत केली.